दोष दुसऱ्याचा, कपात आपली

सिग्नलपाशी उभ्या मोटारीस मागून टेम्पो धडकतो. दोष टेम्पोचालकाचा; तथापि स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेताना मोटारमालकालाच काही भार सोसावा लागतो. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० रुपये व त्यापुढील मोटारीस २,००० रुपये अनिवार्य कपात होते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, तो निराळाच.

वहीत रुपयाचीही तफावत न सोडणारा व्यापारी ही रक्कम मात्र निमूटपणे खर्ची टाकतो. वस्तुतः विमा कंपनीकडून न मिळालेला हा फरक दोषी वाहनाच्या मालकाकडे व त्याच्या तृतीय पक्ष विमा कंपनीकडे मागता येतो. समजुतीने न मिळाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून ६ महिन्यांची. मिळालेली भरपाई मात्र पुन्हा मागू नये; ते न्याय्यही नव्हे. आपल्या कंपनीच्या ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही करण्यापूर्वी तिचा मजकूर नीट वाचावा.

छायाचित्रे, समोरच्या वाहनाचा क्रमांक, पोलिसांतील नोंद, सर्वेक्षकाचा अहवाल व गॅरेजचे बिल जपून ठेवावे. रक्कम अल्प असल्यास दाव्याचा खर्च व वेळही तोलावा. रस्त्यावर शब्द वाढविण्यापेक्षा कागद जमविणे केव्हाही हिताचे.