दीड मैलाची किंमत

भाच्याचं आणि माझं पुन्हा वाजलंय. :-) विषय नेहमीचाच, आमच्या मोटरहोमची मागची चाकं. तो इथे अमेरिकेतच एका मालवाहतूक कंपनीत ट्रकच्या देखभालीचं काम बघतो, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. "मामा, टायर आठ वर्षांचे झालेत, बदलायचेच आहेत. मग मागचे चार काढ आणि दोन रुंद टाक." अर्धा तास फोनवर भांडलो. फोनवर मला मुद्दे सुचत नाहीत, म्हणून इथे लिहितोय. बाकीच्या नातेवाइकांनीही वाचा, उन्हाळ्यात मागे बसून तुम्हीच येणार आहात.

ज्यांनी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आपल्या एसटीला असतात तसे मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर आहेत, जोडीने. आमचा साइज २७५/८० आर २२.५. असा एक टायर एकटा असेल तर ११० पीएसआय हवेवर ६,१७५ पौंड पेलतो, जोडीत मात्र ५,६७५ च धरायचे. कारण जोडीतल्या दोघांवर भार कधी सारखा पडत नाही. रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो, शिवाय एकात हवा जरा कमी असली की दुसऱ्यावर ओझं. (संसारच म्हणा ना!)

भाचा सुचवतो तो रुंद टायर ४४५/५० आर २२.५, म्हणजे जवळजवळ साडेसतरा इंच रुंद. १२० पीएसआयला तो एकटा १०,२०० पौंड पेलतो. वजनकाट्यावर आमच्या मागच्या एक्सलचं वजन भरलं १८,४०० पौंड, म्हणजे एका बाजूला साधारण ९,२००. तेव्हा भार पेलण्याचा प्रश्न नाही, हे आधीच मान्य करतो.

त्याचे बाकीचे मुद्देही खरे आहेत. चारांऐवजी दोन रिम, वजन कमी. रस्त्यावरचं घर्षण कमी, म्हणून डिझेल कमी. दोन टायरच्या फटीत दगड अडकायची भानगड नाही. आणि आतल्या टायरचा व्हॉल्व्ह शोधत गुडघ्यांवर बसायला नको. अडुसष्टाव्या वर्षी हा मुद्दा फार पटतो.

पण हिशोब करून बघू. ट्रक वर्षाला एक लाख मैल धावला, गॅलनला सात मैल दिले, तर सुमारे १४,३०० गॅलन डिझेल लागतं. समजा तीन टक्के वाचले, तर झाले जवळपास ४३० गॅलन. शिवाय गाडीचं जेवढं वजन घटलं तेवढा माल जास्त भरता येतो, त्याचं भाडं मिळतं. आम्ही वर्षाला धावतो पाच हजार मैल, गॅलनला आठ. तेच तीन टक्के म्हणजे १९ गॅलन. चार डॉलर भाव धरला तर ७६ डॉलर. टायर-रिमसकट बदलायचा मला सांगितलेला खर्च चार हजारांच्या पुढे आहे. तो वसूल व्हायला पन्नास वर्षं लागतील. मी तेवढा थांबायला तयार आहे, पण... असो.

शिवाय ट्रकचे टायर धावून झिजतात, आमचे उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी अजून छान आहे, रबर मात्र कडेला तडकतंय.

आता मुख्य मुद्दा. २०१९ च्या जूनमध्ये ॲरिझोनात, इंटरस्टेट ४० वर सेलिगमनच्या अलीकडे आमचा मागचा उजवा बाहेरचा टायर फुटला. धडाका असा, की सोफ्यावर पट्टा बांधून पेंगणाऱ्या सासूबाई "काय पडलं?" म्हणून ओरडल्या. काम चालू असल्याने कडेला थांबायला जागा नव्हती आणि शेजारून ट्रक सुसाट चालले होते. पुढची एक्झिट दीड मैलावर. आम्ही दिवे लुकलुकत ठेवून, माणूस पळेल त्या वेगाने तिथपर्यंत गेलो आणि मोकळ्या मैदानात मदतीची वाट पाहत तीन तास थांबलो. टायरचं नुकसान सोडलं तर कुणाला ओरखडाही आला नाही.

भाचा म्हणतो, ते नशीब. फुटलेल्या टायरचे तुकडे शेजारच्यालाही घेऊन जातात. बरोबर आहे. ६,१७५ वाल्याने ९,२०० पौंड पेलले होते, म्हणून तोही भंगारात गेला. दुसरा टायर म्हणजे स्टेपनी नव्हे, हे मला कळतं. पण तिथे रुंद टायर असता तर रिम रस्त्यावर टेकलं असतं आणि आम्ही ट्रकच्या वाटेतच उभे राहिलो असतो. आमच्याकडे स्टेपनी नाही, आणि नॅशनल पार्ककडे जाणाऱ्या आडरस्त्यावर तो रुंद साइज मिळेलच असंही नाही.

त्याचा एकच मुद्दा मला खरा टोचतो. जोडीतल्या एकाची हवा कमी झाली तर दुसरा ते झाकतो, ड्रायव्हरला कळतच नाही. लहानपणी खंबाटकी घाटाआधी ट्रकचा क्लीनर टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकायचा, ते बघायला मजा यायची. मीही काठीने ठोकतो. पण ठोकून टायर बसलाय एवढंच कळतं, वीस पीएसआय कमी आहेत हे नाही. आमचाही बहुधा तसाच फुटला, आतल्यात हवा कमी असावी. म्हणजे चूक जोडीची नाही, मी महिनाभर गेज लावला नव्हता त्याची.

म्हणून या वेळी चार नवे टायर, आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेंशन आणि सहाही चाकांना हवेचे सेन्सर. तुझ्या ट्रकना रुंद टायर घाल रे बाबा, तिथे ते शोभतात. आमच्या गाडीत माल नाही, माणसं असतात, त्यांच्यासाठी मला तो दीड मैल हवा आहे. एक काम मात्र तुझंच. आलास की ती एक्स्टेंशन घट्ट बसलीत ना, ते बघून जा. माझे गुडघे आता ऐकत नाहीत.