सहीचा नमुना

मंगळवारी बँकेत चिरंजीवांनी एकाच कागदावर तीन सह्या केल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या निघाल्या. पहिली मराठीत, दुसरी इंग्रजीत. तिसरीच्या वेळी बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, त्यामुळे आडनाव अर्ध्यावरच राहिलं. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

जुने वाचक चिरंजीवांना ओळखतात. तिसरीत एका वर्षात पाण्याच्या सात बाटल्या हरवणारे, तेच. आता त्यांची बारावी झाली, अठरा पूर्ण झाली आणि पुढच्या महिन्यात स्वारी साताऱ्याहून पुण्याला हॉस्टेलवर निघाली आहे. कायद्याच्या भाषेत परवापर्यंत 'अज्ञान' असलेला मुलगा 'सज्ञान' झाला. खातं आता त्याच्याच सहीनं चालायचं, म्हणून नव्यानं केवायसी.

त्याच्या एडीडीत, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या नावात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1987 साली एक 'एच' घातला, अतिचंचलपणाचा. तो एच आमच्याकडे कधी फिरकला नाही. पोरगा तासन् तास एका जागी बसतो, मन तेवढं जागेवर नसतं. रसेल बार्कली नावाचे मानसशास्त्रज्ञ पालकांना एक ढोबळ हिशेब सांगतात: स्वतःला आवरणं, वेळ सांभाळणं यात ही मुलं वयाच्या मानानं साधारण 30 टक्के मागे असतात. बुद्धीत नव्हे. हिशेब करून पाहिला. हॉस्टेलवर साडेबारा वर्षांचा मुलगा चाललाय.

आणि जो तो मला सांगतोय, "आता सोडा हो त्याला. अंगावर पडलं की आपोआप शिकतो."

या 'आपोआप'चं मला डोकं उठलंय. आमच्या घरात बारा वर्षांत आपोआप काहीही झालेलं नाही. सकाळी सहाला हिची हाक, साडेसहाला दुसरी, पावणेसातला पांघरूण ओढणं. शाळेचं वेळापत्रक, क्लासची व्हॅन, प्रवेशफेरीच्या तारखा. हे सगळं एका दिवशी काढून घ्यायचं आणि त्याच्या हातात 75 टक्के हजेरीचा नियम ठेवायचा! विहिरीत ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, असं सांगणाऱ्या मामांनी मला ढकललं होतं खरं, पण आधी पाठीला भोपळा बांधून. ते कुणी सांगत नाही.

तर सध्या भोपळे सोडवण्याचं काम चालू आहे, एका वेळी एक. आठवड्याच्या गोळ्यांची डबी रविवारी तोच भरतो. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की चिठ्ठीची वेळ त्यानंच घ्यायची. पैसे महिन्याचे न देता दर सोमवारी. पहिल्या सोमवारचे बुधवारी संपले, गुरुवारी मित्राकडून उसने आले. मी गप्प बसलो. हीसुद्धा गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं शेजाऱ्यांना ऐकू गेलं असावं. कपडे त्यानं स्वतः धुतले, म्हणजे बादलीत भिजत घातले. त्यांना वास सुटला तेव्हा त्याला आठवलं.

हे लिहिताना हसतोय खरा, पण हे सदर संपादकांच्या फोनशिवाय कधी वेळेवर गेलेलं नाही. पहिला फोन गुरुवारी सकाळी, दुसरा दुपारी, तिसरा जरा वरच्या पट्टीत. हा विकार घराण्यातून उतरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नव्हती. मला पन्नाशीतही संपादक आहेत, बायको आहे, छत्री परत आणून देणारा पानवाला आहे. आणि हा अठराव्या वर्षी आपोआप शिकणार.

असो, बँक. चौथ्या प्रयत्नाला सही जमली. बाईंनीच युक्ती सांगितली: आडनाव नको, नुसतं नाव लिही, सावकाश. मग मोबाइल नंबरचा रकाना आला. आजवर तिथं आईचा नंबर होता. त्यानं स्वतःचा लिहिला, तोही न विचारता. मला भरून आलं. बाई म्हणाल्या, "ओटीपी आला असेल, सांग."

फोन घरी फ्रिजवर राहिला होता.

माझ्या फोनवरून घरी लावला. हिनं त्याचा फोन शोधला, मेसेज उघडला, म्हणाली, "आलाय रे. सांगू?"

"नको," चिरंजीव म्हणाले. "कुणालाही सांगू नका असं त्यात लिहिलेलं असतं. मी घरी जाऊन घेऊन येतो."