तापाची नोंद आणि पगारी रजा

नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाल्याचे उघडकीस आले. बाधित वृद्धांपैकी बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. एका छपराखाली राहणाऱ्या, एका पंगतीत जेवणाऱ्या वृद्धांमध्ये रोग एकदा शिरला की तो किती वेगाने पसरतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. पुढची साथ येण्यापूर्वी अशा संस्थांचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच आजही शिल्लक आहे. मोबाईलवरील ॲप हे त्याचे उत्तर म्हणून वारंवार पुढे केले जाते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. परंतु कोणते यंत्र कोणत्या कामाचे, हे पाहिले पाहिजे. 2 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ आणले. दोन फोन एकमेकांजवळ आले की त्याची नोंद व्हावी, ही त्यामागची कल्पना. वृद्धाश्रमाच्या दालनात तर सर्वच एकमेकांजवळ असतात, आणि अनेकांपाशी फोनच नसतो. तेथे कोण कोणाच्या जवळ आले हे शोधण्यात अर्थ नाही. तेथे हवी असते ती ताप, खोकला आणि जुलाब यांची रोजची नोंद. एकाच दालनात दोघांना ताप आला की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळले पाहिजे. हे काम मोबाईल उत्तम करू शकेल, आणि त्यासाठी कोणाच्या हालचालींवर पाळत ठेवण्याची गरज नाही.

मात्र ही नोंद करणार कोण? अर्थात तेथील आया आणि मदतनीस स्त्रिया. बाहेरचा रोग आत येण्याचा धोकाही त्यांच्याच येण्याजाण्यातून अधिक. रोजंदारीवर वा कंत्राटावर राबणाऱ्या स्त्रीने स्वतःचा खोकला नोंदवला, तर तिला घरी पाठवले जाईल आणि त्या दिवसांचा पगार बुडेल. अशा वेळी तापाची गोळी घेऊन ती कामावर आली, तर दोष तिचा की व्यवस्थेचा? 2020 साली इंग्लंडमधील वृद्धसेवा केंद्रांच्या पाहणीत असे आढळले की, जेथे कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार मिळत होता, तेथे लागण कमी होती. जेथे बदली कामगारांवर वारंवार भिस्त होती, तेथे ती अधिक होती. तात्पर्य, पगारी रजा हेसुद्धा साथ रोखण्याचे साधनच आहे.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव वेगळा नाही. 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट, त्यावरील ॲप इंग्रजीत, आणि माहिती भरण्याची सक्ती मात्र कायम! ज्यांच्या हातून काम करून घ्यावयाचे त्यांना न विचारता वरून लादलेले साधन असेच परत येणार.

रत्नागिरी जिल्ह्याने तर या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. कर्ती माणसे मुंबईला आणि म्हातारी माणसे गावात, हे येथील घराघरांचे चित्र आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत अनेक दिवस वीज नव्हती, मोबाईलही मुके होते. तेव्हा ॲपसोबत कागदी नोंदवही आणि निरोप पोहोचवणारा माणूस हवाच. त्याच जूनपर्यंत या जिल्ह्यातील घशाचे नमुने तपासणीसाठी घाट ओलांडून मिरजेला जात. सूचना क्षणात पोहोचली तरी तपासणीला वेळ लागत असेल, तर त्या क्षणाचे मोल काय?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवासगृहाची तरतूद आहे. पण कलम 19 मधील शब्दरचना शासनाला बांधून घालणारी नाही, केवळ मुभा देणारी आहे. त्या पळवाटेमुळे हा प्रश्न धर्मादाय संस्थांच्या दयेवर राहिला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात चार मागण्या लावून धराव्यात. वृद्धाश्रम आणि मनोरुग्णालये येथील प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कंत्राटी का असेना, आजारपणाची भरपगारी रजा मिळावी. नोंदीचे साधन मराठीत असावे आणि ते सेविकांशी विचारविनिमय करून ठरवावे. सूचना मिळाल्यापासून चोवीस तासांत आरोग्य पथक पोहोचण्याचे बंधन शासनावर असावे. आणि गोळा केलेली माहिती आरोग्याव्यतिरिक्त अन्य कामासाठी वापरू नये. साथ ओसरताच ती नष्ट करावी.

साने गुरुजींचा जन्म याच जिल्ह्यातील पालगडचा. सेवाधर्माचे गुणगान आपण पुष्कळ केले. आता सेवा करणाऱ्या स्त्रीला आजारी पडण्याचा हक्क मिळवून देऊ या. तो मिळाला, तरच ती तापाची नोंद निर्भयपणे करील.