संत्र्याची बाग आणि ठिबकाची जाळी

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या तालुक्यांत, तसेच शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी भागांत, संत्र्याच्या बागांना ठिबक संचाने पाणी देण्याची पद्धत आता चांगली रुजली आहे. विहिरींचे पाणी खोल गेले, वरूड-मोर्शीकडे तर भूजलाचा अतिउपसा झाला. अशा स्थितीत थोड्या पाण्यात बाग जगविण्याचा हाच व्यवहार्य मार्ग होय. शासनानेही त्यास हातभार लावला आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेखाली लहान व सीमांत शेतकऱ्यांस संचाच्या ग्राह्य खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के साहाय्य ठरविण्यात आले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु संच बसला म्हणजे कार्य तडीस गेले, ही समजूत घातक आहे. संच पाच-सात वर्षे नीट चालेल की दुसऱ्याच उन्हाळ्यात निकामी होईल, हे बहुतेक ठिकाणी एकाच भागावर अवलंबून असते. तो भाग म्हणजे पंपाजवळची गाळणी, जिला आपण फिल्टर म्हणतो, आणि तिच्या पोटातील जाळी. संपूर्ण संचाच्या मानाने जाळीची किंमत अगदी अल्प आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष मात्र सर्वांत मोठे, असा हा विपरीत प्रकार आहे.

गाळणीचे महत्त्व

ड्रीपरमधील पाण्याची वाट सुमारे एक मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही अरुंद असते. कण या वाटेपेक्षा लहान असले, तरी अनेक कण एकमेकांस अडकून वाट बुजवितात. म्हणून वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढा कणही अडविला पाहिजे, असा नियम आहे. नेहमीच्या १२० मेशच्या जाळीची छिद्रे सुमारे ०.१३ मिलिमीटरची असतात, ती याच कारणासाठी.

सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या एक हेक्टर बागेत २७७ झाडे बसतात. प्रत्येक झाडास चार ड्रीपर धरले, तर त्यांची संख्या अकराशेच्या वर जाते. या अकराशे तोंडांचे रक्षण ती एक जाळी करीत असते. जाळी बुजली तर दहा मिनिटांत धुता येते. ड्रीपर बुजले तर अकराशे ठिकाणी वाकावे लागते, आणि आत बसलेली चिकणमाती पुष्कळदा कोणत्याही उपायाने निघत नाही.

पाण्याच्या प्रकाराप्रमाणे गाळणीही निराळी लागते. कूपनलिकेतून वाळू येत असेल, तर प्रथम हायड्रोसायक्लोन हवा. उघड्या विहिरीच्या वा शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, त्यासाठी वाळूचा फिल्टर आवश्यक आहे. जाळीचा अथवा चकत्यांचा फिल्टर शेवटी येतो. खत सोडण्याचे साधन या शेवटच्या फिल्टरच्या अलीकडे असावे, म्हणजे न विरघळलेले खत नळ्यांत जात नाही.

जाळी काढून टाकण्याची चाल

पाणी कमी येऊ लागले की फिल्टर उघडून जाळीच काढून ठेवावयाची, ही चाल अनेक बागांत दिसते. तीस केवळ आळस म्हणून चालणार नाही. विजेचा पुरवठा ठरावीक तासांचा असतो. आंबिया बहाराची फळे झाडावर असतात, आणि मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. अशा वेळी वीज आहे तोवर झाडापर्यंत पाणी पोहोचावे, ही बागायतदाराची तळमळ रास्तच आहे. नवी जाळी गावात मिळत नाही. ती आणण्यासाठी तालुक्यास जावे, तर दिवस मोडतो.

जाळी काढताच पाणी जोराने वाहू लागते आणि उपाय लागू पडला असे वाटते. फसगत नेमकी येथेच होते. पुढील काही आठवडे गाळ गुपचूप ड्रीपरमध्ये साठत जातो. नळीच्या टोकाकडील झाडे प्रथम तहानतात, पाने कोमेजतात, फळगळ सुरू होते. दोष कधी रोगावर जातो, कधी खतावर, कधी उन्हावर. जाळीची आठवण कोणासच होत नाही. संत्र्याचे झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. एका उन्हाळ्यात गेलेले झाड पुढल्या उन्हाळ्यात भरून येत नाही.

“आमच्या विहिरीचे पाणी आरशासारखे स्वच्छ आहे”, असेही सांगण्यात येते. डोळ्यांस निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातही बारीक गाळ असतो. त्यांपैकी अतिसूक्ष्म भाग जाळीतूनही जातो व नळीच्या टोकाशी बसतो. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी नळ्यांची टोके उघडून, स्वच्छ पाणी येईपर्यंत ते वाहू द्यावे.

दाबाचे माप काय सांगते

जाळी केव्हा धुवावी व केव्हा बदलावी, हे अंदाजाने ठरवू नये. फिल्टरच्या अलीकडे व पलीकडे पाण्याचा दाब मोजावा. शक्य तर एकच दाबमापक दोन्ही ठिकाणी लावून पाहावा, म्हणजे दोन मापकांतील फरकाने चूक होत नाही. जाळी नवी असताना दोन्ही दाबांत किती फरक पडतो, तो फिल्टरच्या अंगावरच रंगाने लिहून ठेवावा. पुढे तीन गोष्टी ओळखाव्यात.

पहिली, फरक वाढत जाऊन दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या जवळ आला, म्हणजे जाळी धुण्याची वेळ झाली. दुसरी, धुतल्यावरही फरक पूर्वीच्या आकड्यावर उतरत नसेल, तर छिद्रे कायमची बुजली आहेत, जाळी बदलावी. तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. फरक नव्या जाळीच्या वेळेपेक्षाही कमी झाला, तर आनंद मानू नये. जाळी फाटली असावी, किंवा रबरी वॉशर निसटून पाणी न गाळताच पुढे जात असावे. पंप तत्काळ बंद करून फिल्टर उघडून पाहावा.

धुण्याची व बदलण्याची रीत

प्रथम पंप थांबवून आतील दाब सोडावा. जाळी बाहेर काढून वाहत्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावी. तारेचा ब्रश, चाकू किंवा काडी वापरू नये, दगडावर आपटू नये. छिद्र एकदा रुंद झाले की ती जाळी राहत नाही. फिल्टरच्या तळाशी पडलेला गाळ धुऊन काढल्याशिवाय जाळी परत बसवू नये, नाहीतर तोच गाळ पुढे जातो. चकत्यांचा फिल्टर असल्यास चकत्या सैल करून एकेक धुवावी व खाचा झिजलेल्या चकत्या बदलाव्यात. वाळूच्या फिल्टरमध्ये उलट प्रवाह सोडून, गढूळ पाणी संपेपर्यंत वाळू धुवावी. वाळूच्या कडा झिजून ती गोल झाली किंवा तिची ढेकळे बनली, तर नवी भरावी.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आपल्या भागातील पाण्यात विरघळलेला चुना असतो. तो कोणत्याही जाळीने अडत नाही आणि ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर बनून बसतो. त्यासाठी आम्लाची प्रक्रिया करतात, परंतु ती जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आम्ल व क्लोरीन एकत्र आणू नयेत, त्यापासून विषारी वायू निघतो.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

कारखान्यांत तेल, औषधे किंवा पेये गाळण्यासाठी कार्ट्रिज वापरतात. चांगल्या कारखान्यात ती बसविल्याची तारीख व दाबाचा फरक वहीत लिहितात, आणि जुनी काढण्यापूर्वी नवी कपाटात तयार असते. संत्र्याची बागही एक कारखानाच आहे. फरक एवढाच की येथे यंत्र थांबले तर झाड मरते. तेव्हा हीच शिस्त बागेत का येऊ नये?

आमचे स्पष्ट मत असे की, ठिबकाचे यश बसविलेल्या संचांच्या संख्येवर न मोजता, पाचव्या वर्षी नीट चालणाऱ्या संचांवर मोजले जावे. संच देतानाच एक जादा जाळी व वॉशरचा जोड त्यासोबत मिळावा, आणि दाबमापक नसलेला संच अपुरा समजावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेस भेट देताना प्रथम झाडाकडे न वळता पंपाकडे जावे, फिल्टर उघडून पाहावा, दाबाचा फरक बागायतदाराच्या वहीत लिहावा. मग नळीच्या आरंभीच्या व शेवटच्या ड्रीपरखाली एक मिनिट भांडे धरावे. ताशी चार लिटरच्या ड्रीपरमधून मिनिटास सुमारे ६७ मिलिलिटर पाणी आले पाहिजे. शेवटच्या ड्रीपरमधून त्याच्या निम्मेच येत असेल, तर दुसऱ्या कोणत्याही सल्ल्यापूर्वी तो दोष दूर करावा.

गावातील दहा-बारा बागायतदारांनी मिळून दोन-तीन जाळ्या व वॉशर सहकारी संस्थेत किंवा एखाद्याच्या घरी ठेवल्या, तर ऐन उन्हाळ्यात तालुक्याची वाट धरावी लागणार नाही. हिवाळ्यात आंबिया बहारासाठी बागेस ताण देतात, तेव्हा संच बंदच असतो. गाळणी उघडण्यास, वाळू धुण्यास व जाळी बदलण्यास याहून सोयीचा काळ नाही. बहाराचे पहिले पाणी सोडण्यापूर्वी प्रत्येक बागायतदाराने हे काम उरकून घ्यावे.