आधी सिलिंडरचा क्रमांक, मग दुरुस्ती

धाराशिव जिल्ह्यातील शेतमाल आज बव्हंशी पिकअप गाड्यांतून बाजारास जातो. भूमकडील खवा असो, तुळजापूरकडील द्राक्षे असोत वा सोलापुरास जाणारा भाजीपाला असो, गाडी वाटेत अडली की मालाचे मोल तासागणिक उतरते.

इंजिन झटके देऊ लागले म्हणजे “दुसऱ्या सिलिंडरचा नोझल गेला” असे सांगण्यात येते. परंतु दुसरा कोणत्या बाजूने? मालक एका टोकाकडून मोजतो, मिस्त्री दुसऱ्या टोकाकडून. परिणामी चांगला नोझल बदलला जातो, दोष जागच्या जागी राहतो आणि शेतकऱ्यास दोनदा खर्च पडतो. विहिरीवरील ऑइल इंजिनास बहुधा एकच सिलिंडर असल्याने मोजण्याची सवय आपणांस लागलेली नाही, हे याचे मूळ होय.

नियम सोपा आहे. ज्या टोकास फ्लायव्हील व गिअरबॉक्स असतात, त्याच्या विरुद्ध टोकाचा सिलिंडर सामान्यतः पहिला. इंजिन उभे बसविलेल्या गाडीत तो रेडिएटरकडे येतो. मात्र इंजिन आडवे किंवा आसनाखाली असल्यास रेडिएटर पाहून फसगत होते. काही कारखानदार फ्लायव्हीलकडूनही मोजतात. यास्तव गाडीची माहिती-पुस्तिका एकदा पाहावीच. ज्वलनक्रम ही बाब वेगळी. चार सिलिंडरच्या इंजिनात तो बहुधा १-३-४-२ असतो, म्हणून त्यावरून बसण्याची जागा ठरवू नये.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या डिझेल इंजिनात मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. इंजिनाची गती पडली तर तो सिलिंडर काम करीत आहे. काहीच फरक न पडल्यास दोष तेथेच आहे. हे काम जाणकाराने करावे व तेलाच्या धारेपुढे हात धरू नये. ती धार कातडीत शिरते आणि तशी इजा झाल्यास रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

कॉमन रेल इंजिनास मात्र ही रीत सर्वथा वर्ज्य आहे. तेथे तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅमहून अधिक चढतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर आलेल्या डिझेल पिकअप प्रायः याच प्रकारच्या आहेत. त्यांचा दोष तपासणी-यंत्रावर पाहावा. ‘पी ०२०३’ हा संकेत आल्यास तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची विद्युत-जोडणी आधी तपासावी. येथेही तिसरा कोणता हे ठाऊक नसेल तर यंत्राचा उपयोग काय?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खतांबरोबर एवढी माहितीही घरोघर पोहोचवावी. गाडीमालकांनी पुस्तिकेवरून खात्री करून घेऊन, थंड इंजिनावर १ ते ४ आकडे रंगवून ठेवावेत. चिमूटभर रंगाने पुढील हंगामातील एक खेप वाचली, तरी श्रम सार्थकी लागले असे समजावे.