परदेशातील भाजीबाजार आणि आपला विवेक

नाशिकला गोदाघाटावर बुधवारी बाजारास जाणाऱ्या गृहिणीस डोळे आणि हात पुरतात. भेंडी कोवळी की निबर, वालाच्या शेंगेत अळी आहे की नाही, हे ती क्षणात ओळखते. हीच गृहिणी मुलाकडे इंग्लंडमधील लेस्टर येथे चार महिने राहावयास गेली, की तिच्या या कौशल्याची नवी कसोटी लागते.

लेस्टर जैनांस परके नाही. तेथे एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभारलेल्या जैन मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. बेलग्रेव्ह रोडच्या परिसरात दुधी, तोंडली, गवार, मेथी मिळते. अडचण ताज्या भाजीची नसून पाकिटातील पदार्थांची आहे. आपल्याकडे शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही. तेथे ॲलर्जी निर्माण करणारे १४ घटक यादीत ठळक छापावे लागतात. कांदा व लसूण त्यांत नाहीत. म्हणून घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचणे आले. ‘ई १२०’ हा लाल रंग तर किड्यांपासूनच काढलेला असतो.

सुटी भाजी व फळे यांत असे काही दडलेले नसते, हा समजही पुरता खरा नाही. सफरचंद व लिंबू यांवरील चकाकी पुष्कळदा लेपाची असते. ‘ई ९०४’ म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख आणि ‘ई ९०१’ म्हणजे मधमाश्यांचे मेण. ‘ई ९०३’ मात्र ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील मेण होय. ‘अनवॅक्स्ड’ असे लिहिलेली, बिनलेपाची लिंबे तेथे मिळतात. जयणा पाळणाऱ्याने तीच मागावीत, अथवा विक्रेत्यास निःसंकोच विचारावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये याच बाजारात नाशिकची द्राक्षे भेटतात आणि गृहिणीचे मन भरून येते. ही द्राक्षे शीतपेटीतून समुद्रमार्गे गेलेली असतात, आणि त्यापूर्वी त्यांतील औषधांच्या अवशेषांची प्रयोगशाळेत तपासणी झालेली असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अवशेष आढळल्याने युरोपात आपल्या मालास मोठा फटका बसला. युरोपची मर्यादा किलोमागे केवळ ०.०५ मिलिग्रॅम होती. त्या हंगामाची झळ बागायतदार आणि व्यापारी दोघांनीही सोसली.

येथे व्यापारी कुटुंबांनी थोडा विचार करावा. लेस्टरमधील नातीच्या हाती पडणारा घड तपासलेला असावा, असे आजोबांस वाटते. परंतु निर्यातीतून बाजूस निघालेला माल नाशिकच्याच पेठेत विकताना तोच प्रश्न किती वेळा विचारला जातो? पाट्यांवर दर लिहिताना बागेत शेवटची फवारणी कधी झाली, एवढे जरी शेतकऱ्यास विचारले, तरी गिऱ्हाइकाच्या घरातील लेकराची काळजी घेतल्यासारखे होईल. परदेशात यादी वाचून पाळला जाणारा विवेक घरच्या दुकानात, तराजूपाशीही पाळला जावा.