ग्राम न्यायालयाचे फौजदारी अधिकार आमच्या तालुक्यात आणा

प्रति,
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

आमची संघटना शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची. गावात मारहाण झाली की ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या आदेशासाठी तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे गेले आणि रोजही बुडाला. पुढची तारीख पडली की पुन्हा तेच. अशाने फिर्यादीच थकतो.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. २००८चा ग्राम न्यायालय अधिनियम २ ऑक्टोबर २००९पासून लागू आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे, २०,००० रुपयांपर्यंतची चोरी, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, अस्पृश्यता, वेठबिगारी ही प्रकरणे या न्यायालयाच्या कक्षेत येतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलेल्या ऊसतोड टोळीसाठी ही कक्षा फार मोलाची आहे. खटल्याची सुनावणी संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत निकाल द्यायचा आणि त्याची प्रत फुकट द्यायची, असे कायदा सांगतो. मात्र कलम ३ प्रमाणे शासन असे न्यायालय 'स्थापन करू शकेल', करीलच असे नाही. तेवढ्या सवलतीमुळे आमचा तालुका आजवर वंचित राहिला.

म्हणून उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून अधिसूचना काढावी. न्यायाधिकारी पूर्णवेळ हवा. तालुक्याच्या न्यायाधीशांवर जादा कार्यभार टाकून भागणार नाही. फिरत्या न्यायालयाची तरतूद कलम ९ मध्ये आहे, तेव्हा ते बाजाराच्या दिवशी मोठ्या गावांत बसावे.

चोरीची मर्यादा २००८चीच आहे. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. चार क्विंटल चोरीला गेले तरी प्रकरण या न्यायालयाबाहेर जाते. ही मर्यादा ज्या अनुसूचीत आहे ती बदलणे केंद्राच्या हाती आहे, राज्याने तसा लेखी आग्रह धरावा.

एका मागणीवर आम्ही अडून बसणार आहोत. ग्राम न्यायालयात खटले संक्षिप्त पद्धतीने चालतील, आणि आरोपीही बहुधा आमच्यातलाच, निरक्षर मजूर असेल. वकील न देता, घाईने त्याच्याकडून गुन्हा कबूल करून घेतला तर तो न्याय आम्हाला नको. पहिल्या तारखेपासून त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळालाच पाहिजे.

अधिसूचना कोणत्या तारखेला निघणार, ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.